साहेबांचा लोकरी बनियन

हिमालयात बर्फातून चालताना मी लोकरीच्या बनियनच्या आत सुती बनियन घातला होता.

हे वाचून तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, मग बिघडलं काय? मलाही तसंच वाटलं होतं. पण ज्यांनी भर थंडीत डोंगर चढलाय, ते एव्हाना कपाळाला हात लावून बसले असतील. ते सगळे माझ्या साहेबांच्या बाजूचे.

साहेब म्हणजे बहारीनला सित्र्यातल्या आमच्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसचे मुख्य. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही, आणि न आवडलेली गोष्ट ते हळू आवाजात सांगत नसत. मूळचे वाईचे. उंची बेताची, मान आखूड, आणि चेहरा कायम असा की आत्ताच कोणीतरी रांगेत त्यांच्यापुढं घुसलंय. माणूस भेटला की नमस्काराआधी त्यांचा हात समोरच्याच्या बाहीकडे जायचा. दोन बोटांत कापड धरून ते चोळायचे, नाक मुरडायचे आणि विचारायचे, "बाहेरचं सोड. आत काय घातलंय?"

हा प्रश्न त्यांनी नव्या आलेल्या वेल्डरला विचारला. गणपतीच्या आरतीला आलेल्या एका बँकेच्या बड्या अधिकाऱ्याला विचारला. मुलीचा संसार बघायला आलेल्या माझ्या सासऱ्यांनाही विचारला, आणि त्या बिचाऱ्यांनी घाबरून शर्टाची दोन बटणं काढून दाखवलं. उत्तर बहुधा एकच असायचं, कॉटन. ते ऐकलं की साहेब पेटायचे. कापूस ओला झाला की वाळत नाही, ओलं कापड अंगाची सगळी ऊब ओढून घेतं, आणि लोक तेच कातडीला चिकटवून वर स्वेटरांवर स्वेटर चढवतात आणि थंडीच्या नावानं बोंब मारतात, हे सगळं एका दमात सांगून व्हायचं. समोरचा घाम पुसत ऐकायचा. लक्षात घ्या, हे सगळं बहारीनमध्ये, जिथं वर्षातला मोठा भाग अंगावर कापडच नको वाटतं.

साहेबांकडे लोकरीचा एक जोड होता. लांब बाह्यांचा पातळ बनियन आणि घोट्यापर्यंतची विजार. देश सोडून परत जाणाऱ्या एका इंग्रज इंजिनियरकडून त्यांनी तो हापूसच्या पेटीच्या बदल्यात घेतला होता. हवा जरा उतरली की ईसा टाउनमधल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर तो जोड दोरीवर चढायचा. डांबराच्या गोळ्यांचा वास खालच्या गल्लीपर्यंत यायचा. शाळेच्या बसमधून उतरणारी त्यांची मुलगी तोंड फिरवून म्हणायची, "बाबा, प्लीज, नॉट ऑन द फ्रंट साइड." साहेबांचं म्हणणं, लाज ज्यानं नायलॉन घातलंय त्यानं बाळगावी.

आम्ही हसायचो. मीही हसायचो, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच. पण त्या जोडामागची गोष्ट कळली तेव्हा माझं हसणं थोडं कमी झालं. पुण्यात शिकत असताना साहेब मित्रांबरोबर थंडीत कुमाऊंतल्या एका बर्फाच्या खिंडीकडे गेले होते. शेवटच्या मुक्कामावरून खिंड समोर दिसत होती. पण सगळ्यांच्या अंगात सुती बनियन, घामानं चिंब, आणि ऊन कलल्यावर सगळे थडथड उडायला लागले. कोणाला काही झालं नाही. नुसते परत आले. साहेबांना त्या 'नुसते'चाच राग होता. वादळात सापडून परतलो असतो तर एक वेळ चाललं असतं, ते म्हणायचे. बनियनमुळं परतलो.

मग नोकरी, मग आखात, मग संसार. आणि आखातात थंडीतली रजा ही वस्तूच मिळत नाही. रिफायनरीचे मोठे शटडाउन, म्हणजे ती बंद ठेवून करायच्या दुरुस्त्या, हवा थंड असताना काढतात, कारण उन्हाळ्यात लोखंडाला हात लावता येत नाही. म्हणजे नेमकं ज्या दिवसांत हिमालयात बर्फ, त्याच दिवसांत सित्र्यात आम्ही रात्रंदिवस ड्रॉइंगवर. साहेब दर वर्षी थंडीतल्या रजेचा अर्ज द्यायचे आणि दर वर्षी त्यांना जुलै मिळायचा. जुलैमध्ये वाईला पाऊस बघायला जायचे आणि तणतणत परत यायचे.

त्यांच्या बोलण्यानं मलाही डोंगराचं वेड लागलं. मी अलिबागचा. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पायावर चादर ओढणं. तरी मी साहेबांना म्हटलं, मीही येतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी शहाणा भेटलाय. माझ्याबद्दल त्यांचा झालेला हा एकमेव गैरसमज, आणि तो मी फार दिवस टिकू दिला नाही.

लगेच मनामाच्या बाजारात जाऊन मी थंडीचा जोड विकत घेतला. खोक्यावर बर्फाचा डोंगर आणि त्यापुढं दात काढून उभा असलेला सोनेरी केसांचा माणूस. दुकानदारानं सांगितलं, हे घालून लोक ध्रुवावर जातात. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत खोकं साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी बाही चोळली, उजेडात धरली, आणि माझ्या ग्लासातलं पाणी तिच्यावर ओतलं. स्वतःच्या लोकरी बनियनची बाहीही, म्हणजे तो जोड ते त्या दिवशी पिशवीतून घेऊनच आले होते, तशीच भिजवली आणि दोन्ही पिळून माझ्या मनगटांवर गुंडाळल्या. ऑफिसात एसी असा असायचा की टाइपिस्ट बाई शाल घेऊन बसायच्या. थोड्या वेळानं एका मनगटावर ओलं मांजर बसल्यासारखं वाटायला लागलं, दुसऱ्यावर जवळजवळ काहीच नाही.

"कुठलं गार?" साहेबांनी विचारलं.

"माझं."

"सोनेरी केसवाल्याला विचार आत काय घातलंय."

मग सुरू झाली माझी तालीम. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मला पाठीवर तांदळाची गोणी देऊन जबल दुखानवर पिटाळलं जायचं. बहारीनमधला तो एकुलता डोंगर. आमच्याकडे त्याला टेकाड म्हणाले असते. वर पोचलो की साहेब म्हणायचे, आता परत खाली, परत वर.

पण चढण मिळाली तरी थंडी कुठून आणायची? ती साहेबांनी सलमाबादला शोधून काढली. तिथल्या एका मटणाच्या गोदामात त्यांच्या ओळखीचा गुहागरचा माणूस होता. परदेशातून आलेली गोठवलेली मेंढरं जिथं टांगून ठेवतात, त्या खोलीचा दरवाजा त्यानं आमच्यासाठी उघडला आणि माझ्या अंगावर स्वतःचा जाड कोट चढवायला लागला. साहेबांनी तो काढायला लावला. आधी मला बाहेरच्या जिन्यावर घाम फुटेपर्यंत पळवलं, मग माझ्या बाजारी सुती जोडात आत सोडलं. मी पाठीवर गोणी घेऊन मेंढरांच्या रांगांमधून येरझाऱ्या घालतोय, दात वाजतायत, आणि दारात साहेब हातात घड्याळ धरून उभे. गुहागरकर काळजीनं म्हणाला, "साहेब, हा गारठला तर मालकाला मी काय सांगू? मटणाबरोबर ह्यालाही बिलात धरू?"

दुसऱ्या खेपेला तेच सगळं लोकरीच्या जोडात. जिना, घाम, मेंढरं. घाम आला होता, बनियन ओला होता, पण गारठलो नाही. म्हणजे बघा, मला कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला सांगितलं होतं, दाखवलं होतं, आणि मेंढरांसमोर सिद्ध करून दिलं होतं.

त्या वर्षी काम जरा मंदावलं होतं, म्हणून आम्ही दोघांनी एकत्रच अर्ज दिले. मॅनेजर आपल्यातलाच, मुंबईचा. त्यानं दोघांना आत बोलावलं आणि साहेबांना म्हणाला, "तुमच्याशिवाय शटडाउन कसा होणार? तुम्ही जुलैत जा. ह्याला जाऊ दे. ह्याचं काय, हा असला काय नि नसला काय."

माझी रजा मंजूर झाली होती. आपला अपमान झालाय हे मला जिना उतरताना कळलं. पण माझं सोडा. मला अजून संताप येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. जो माणूस रविवारचा सोमवार होऊ देत नाही, ज्याच्या रेघेवर फिटर डोळे मिटून पाइप कापतो, त्याला त्याच्या कामाबद्दल शिक्षा, आणि मी पाइप उलटा काढला तरी कोणाला पत्ता लागत नाही म्हणून मला बक्षीस. हा कुठला न्याय? आणि हे सांगताना तो मॅनेजर हसत होता. काम चांगलं करणाऱ्याला अडकवून ठेवायचं आणि वर ते कौतुकासारखं ऐकवायचं, हे तुम्हीही आपापल्या ऑफिसात पाहिलं असेल. पाहून गप्पही बसला असाल. मीही बसलो.

साहेब टेबलाशी येऊन पेन्सिल तासायला लागले. पेन्सिल संपली तरी तासत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं एक पुडकं ठेवलं. डांबराच्या गोळ्यांचा वास. "मी नाही तर नाही," ते म्हणाले, "हा बनियन तरी वर जाऊ दे." मग पुडक्यावर हात तसाच ठेवून, "अंगाला हा. ह्याच्या खाली काही नाही. काही म्हणजे काही नाही. कळलं?"

कळलं, मी म्हटलं.

कुमाऊंत त्याच खिंडीकडे मी ज्यांच्याबरोबर निघालो ती साहेबांच्या पुण्याच्या जुन्या मित्रांची तुकडी होती. म्होरक्या त्यांच्याच वयाचा, त्या पहिल्या खेपेला बरोबर असलेला, आणि त्यानंतर एक-दोन वेळा खिंड पार करून आलेला. त्यानं माझी बाही चोळली आणि हसला. सगळं नीट चाललं होतं. फक्त लोकर टोचत होती. मेंढरांच्या खोलीत थोडा वेळ टोचणं वेगळं आणि दिवसभर टोचणं वेगळं. मी घामोळ्यांच्या गावचा, आणि नोकरी घामोळ्यांच्या देशात. जन्मापासून आईनं आणि नंतर बायकोनं एकच शिकवलं होतं, अंगाला खाज आली की सुती घाल. शेवटच्या मुक्कामाकडे निघायच्या सकाळी मी तंबूत पाठ फिरवून हळूच आत एक बिनबाह्यांचा सुती बनियन चढवला. इतकं बरं वाटलं की मनात म्हटलं, साहेबांना हे सुचलं कसं नाही? परत गेल्यावर सांगू.

दिवसभर बर्फावर ऊन होतं. मी मजेत चाललो, चिक्कार घामेजलो. मुक्कामाला पोचलो आणि सूर्य धारेमागं गेला. वारा सुटला. पुढचं तुम्हाला सांगायला नको. छातीला कोणीतरी ओलं फडकं बांधल्यासारखं झालं आणि ते फडकं क्षणाक्षणाला गार होत गेलं. चहाचा मग हातात धरवेना. म्होरक्यानं माझ्या बनियनच्या गळ्यात हात घातला, लोकरीखालची सुती किनार दोन बोटांत धरून बाहेर ओढली. मग त्यानं स्वतः तो सुती बनियन माझ्या अंगातून उतरवला, लोकरीचा पिळून परत चढवला आणि मला रजयांत गुंडाळलं.

सकाळी मला खाली पाठवायचं ठरलं. खिंड समोर होती. साहेबांना तरुणपणी दिसली होती तिथूनच, तशीच. म्होरक्या म्हणाला, बनियन दे, आम्ही वर नेतो, तुझ्या साहेबाचा शब्द तरी राहील. मला ते पटलं. मी बनियन काढायला गेलो आणि अर्ध्यावर अशी हुडहुडी भरली की त्यानंच तो परत खाली ओढला. माझ्या अंगात ऊब होती ती तेवढ्या एका कपड्याची. तो काढून घेतला असता तर मी खाली पोचलो नसतो. म्हणून बनियनही माझ्याबरोबर खाली आला.

बहारीनला पोचलो त्या संध्याकाळी साहेब घरी आले. बसले नाहीत.

"कुठपर्यंत?"

"शेवटच्या मुक्कामापर्यंत."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर त्यांना माझ्या तोंडाकडे बघूनच मिळालं होतं. मी खरं सांगितलं. त्यांनी हात पुढं केला. "यल्ला, दे इकडं." बनियन घडी करून काखेत मारला आणि गेले. पुढचे कित्येक आठवडे ते माझ्याशी फक्त मोजमापांबद्दल बोलले. वहिनी, म्हणजे साहेबांच्या बायको, माझ्या बायकोला म्हणाल्या, ह्यांच्या घोरण्यातसुद्धा हल्ली 'कॉटन' ऐकू येतं.

पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मॅनेजर एकदा आमच्या खोलीत आला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, काय, गेलास का वर, की अर्ध्यातून पळालास? मी तोंड उघडायच्या आत साहेब ड्रॉइंगवरून मान न उचलता बोलले, "हवा बिघडली होती. कोणीच गेलं नसतं." खोटं बोलताना मी त्यांना तेवढ्या एकाच वेळी ऐकलं. मॅनेजर गेल्यावर त्यांनी माझ्याकडे इतक्या रागानं पाहिलं की आभार मानायचं धाडस झालं नाही.

पुढं तेलाचे भाव कोसळले. कंपन्या माणसं कमी करायला लागल्या. आमच्याकडे पहिलं नाव कोणाचं निघालं असेल? ज्यांच्याशिवाय शटडाउन होत नव्हता त्यांचं. एवढ्या सगळ्या थंड्या ज्यांना सोडलं नाही, त्यांना भर उन्हाळ्यात, पावसाळ्याआधी घरी पोचा म्हणून सोडलं. खलास. आणि त्यांच्या टेबलावर बसवलं मला, कारण मी स्वस्तात पडत होतो. असला काय नि नसला काय, असा माणूस ठेवायचा आणि ज्याच्यावाचून अडतं तो काढायचा. हा हिशोब ज्याला समजत असेल त्यानं मला येऊन समजावून सांगावा. मी ऐकून घेईन, पण पटणार नाही हे आधीच सांगतो.

मॅनेजरनं त्यांना बोलावलं तेव्हा आम्ही सगळे कान टवकारून बसलो होतो. कापडाच्या चिंधीवरून आभाळ डोक्यावर घेणारा माणूस, आज काचा फुटणार, अशी आमची खात्री. आतून काहीच आवाज आला नाही. नंतर मॅनेजरनंच सांगितलं, जरा बावरून, की साहेबांनी फक्त एक गोष्ट विचारली, "म्हणजे ह्या थंडीत मी मोकळा?" त्याला वाटलं धक्क्यानं डोकं फिरलं.

विमानतळावर सामान गेल्यावरही एक पुडकं त्यांनी हातातच ठेवलं होतं. उकाडा असा की सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले, आणि त्यात तो डांबराच्या गोळ्यांचा वास. सगळ्यांचा निरोप घेऊन ते माझ्यापाशी आले, सवयीनं माझी बाही दोन बोटांत धरली, चोळली. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलंच नाही. बाही सोडली, तिच्यावरची सुरकुती तळव्यानं सारखी केली आणि गेले.

त्यानंतर काही वर्षांनी मी थंडीत सुट्टीवर आलो. माझ्यावाचून अजूनही अडत नव्हतं, त्यामुळं थंडीतली रजा मला सहज मिळायची. मुद्दाम वाईला गेलो. साहेबांचं घर वरच्या मजल्यावर, पुढं गॅलरी, बाजूनं दगडी जिना. खालून हाक मारली तर वहिनी गॅलरीत आल्या. साहेब घरी नव्हते. डोंगरात गेले होते. परत आल्यानंतरच्या पहिल्याच थंडीत खिंडीवर जाऊन आले म्हणे, आणि तेव्हापासून दर वर्षी कॉलेजच्या पोरांना घेऊन जातात. निघायच्या आधी प्रत्येकाला रांगेत उभं करून आत काय घातलंय ते तपासतात, दोन-तीन जणांना तिथूनच घरी पाठवतात. बनियनच्या कोपरांवर आता ठिगळं आहेत, ती वहिनींनी लावली.

वहिनी हे वरून सांगत होत्या आणि मी मान वर करून ऐकत होतो. गॅलरीतल्या दोरीवर त्यांचं एक लुगडं वाळत होतं. त्याच्या शेजारी बरीचशी दोरी मोकळी होती आणि तिच्यावर नुसते चिमटे लावून ठेवलेले होते.

मी जिन्याकडे वळलो. हवेत चांगलाच गारठा होता आणि मी मनामाहून घेतलेलं नवं जाकीट घातलं होतं.

"जाकीट भारी दिसतंय, भावोजी," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, हो, खास थंडीसाठी घेतलं.

"बाहेरचं सोडा. आत काय घातलंय?"

मी पहिल्या पायरीवर थांबलो. सुती, म्हटलं.

"मग वर येऊच नका," वहिनी म्हणाल्या. "बसा तिथंच पायरीवर, चहा खाली घेऊन येते."